अभ्यासाचा हेतू, दीडशे शब्दांत

निवतीत रेंज मिळते ती सड्यावर,
करवंदीच्या जाळीपासून चार पावलं डावीकडे.
तिथे चिऱ्यावर बसून मी कोरियन शिकले,
दीड वर्ष, फुकटच्या धड्यांतून.
शेजारी राऊळांची म्हैस चरायची.

पहिला शब्द पाठ झाला तो म्हाकुलाचा. ओजिंगो.
आयेला सांगितला. ती टोपलीत बर्फ मारत होती,
म्हणाली, "नाव काय पण असांदे, शाय तीच मां?"

क्रियापद त्यांच्याकडेही शेवटी येतं.
माणूस जातो की जात नाही
हे वाक्य संपल्यावरच कळतं.
मला ही भाषा परकी वाटली नाही.
परकी वाटली ती यादी.

बँकेतली शिल्लक: एवढी रक्कम, एवढे महिने,
आणि ती हलता कामा नये.
पप्पांनी हे मला दोनदा वाचायला लावलं.
आमच्या घरात न हललेलं कधी काही नव्हतं.
बंदीच्या दिवसांत होड्या वर ओढून
झापांखाली झाकतात
तसे काकीने काकाच्या विम्याचे पैसे
माझ्या खात्यात ओढून ठेवले.
रोज तिन्हीसांजेला कुंपणावरून विचारते,
"आसत मां थंयच? हलाक नाय मां?"
आहेत, काकी.
काका आला नाही त्या रात्रीही ती
जेटीवर हेच विचारत होती, होडीबद्दल.

नाव सगळीकडे एक हवं.
ग्रामपंचायतीत मी ऋतुजा, बोर्डात ऋजुता.
दोन अक्षरांनी कधीतरी जागा बदलल्या, मला न विचारता.
कुडाळला वकील बोवलेकरांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं
की या दोघी एकच व्यक्ती आहेत.
मग मुंबईहून शिक्का, शिक्क्यावर शिक्का,
छातीचा एक्सरे,
फुप्फुसात काही नाही असा कागद.
खारं वारं त्यात दिसत नाही.

पहिले सहा महिने काम करायचं नाही.
हे ऐकून आये इतकी हसली
की गोलम्यावरचे कावळे उडाले.
"मगे करूचा काय?"
शिकूचा.
"नुसता?"
नुसता.
ती गप्प झाली. बर्फ वितळत होता.
"शीक," म्हणाली.

पत्ता बदलला तर कळवायचं, ठरल्या दिवसांत.
समुद्राने आमचं घर दोनदा मागे सरकवलं,
तुळस तीनदा.
कुणी कुणाला कळवलं?
मोठ्या ओहोटीला जुनं जोतं अजून दिसतं,
रेशनकार्डावर आम्ही अजून तिथेच राहतो.

हजेरी घसरली तर व्हिसा घसरणार.
भाषा झाली, आता वेल्डिंग शिकते म्हटलं
तर नवा अर्ज, नवी यादी.
हेतू बदलणं म्हणजे
भर दर्यात होडीचा नंबर बदलणं.

आणि तो रकाना. अभ्यासाचा हेतू.
मी लिहिलं: मैत्री, संस्कृती, संधी.
खोडलं. मग लिहिलं:
जहाजं बांधणारं गाव कसं असतं ते बघायचंय,
आमच्याकडे होड्या फक्त परत येतात किंवा येत नाहीत.
हे पंधरा शब्द झाले.
उरलेले एकशे पस्तीस अजून सुचलेले नाहीत.

मंगळवारी मुलाखतीचा फोन आला.
वाऱ्यात मी ओढणी तोंडाशी धरली.
बाईंनी हळू, स्वच्छ विचारलं,
शिकून झालं की परत जाणार ना?

त्यांच्या भाषेत होय म्हणजे ने.
मी म्हटलं, ने.
ते माझ्याच कानांना मराठीत ऐकू आलं.

मग रेंज गेली.
म्हशीने मान वर करून पाहिलं, पुन्हा खाली घातली.
खाली दिवे लागत होते,
काकी कुंपणाशी येऊन उभी असेल.